पायातल्या लोखंडावरची वस्ती

ज्यांच्या पायात, मांडीत किंवा खुब्यात कुणीतरी कधीकाळी लोखंड बसवलं आहे आणि आता तिथून पाणी यायला लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी ना नाही. मी डॉक्टर नाही. लातूरला एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते, आणि आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. तेव्हा जरा मोठ्यानं बोलल्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्या.

गुणगुण

लातूरच्या क्लासमध्ये एका हॉलात किती पोरं बसतात हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. कोपराला कोपर लागतं. परीक्षा जवळ आली, पोरं वैतागली, की गुणगुण सुरू होते. ओठ मिटलेले, नजर फळ्यावर, चेहरा एकदम साळसूद, आणि घशातून नुसतं 'हूं'. एकटं पोरगं हे कधीच करत नाही, लगेच पकडलं जाईल ना! आधी कुठूनतरी बारीक आवाज येतो, विरतो, पुन्हा येतो. आजूबाजूचे चार जण करताहेत असं कानावर आलं की पाचवा सामील होतो आणि बघता बघता आख्खा हॉल घुमायला लागतो. आता धरा कुणाला धरता ते.

नवे सर असले की ते लाल होतात, एकेकाला उभं करतात, दोघातिघांना बाहेर काढतात. बाकीची पोरं आणखी चेकाळतात. मी तसल्या फंदात पडत नाही. मी हातातला माईक सरळ स्पीकरसमोर नेऊन धरते. अशी कर्कश शिट्टी निघते की कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. शेजारचा गुणगुणतोय की नाही हेच कळेना झालं की जो तो आपोआप गप्प होतो, आणि मी पुढचा मुद्दा घेते.

एक दिवस असाच माईक धरून मी मागे वळले, तर पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, साडीला कायतरी लागलंय."

उजव्या नडगीपाशी साडी ओली होती. पिवळट. तिथे माझा जुना व्रण आहे. गेले काही महिने तो गरम लागायचा, संध्याकाळी अंगात कणकण असायची. दिवसभर उभं राहून असं होतंय, असं मी धरून चालले होते. समोरच्या मेडिकलवरून गोळ्या आणायच्या, सूज उतरली की पाकीट पर्समध्ये तसंच ठेवून द्यायचं. क्लासमध्ये आम्ही सगळेच असं करतो. टेस्ट सिरीज चालू असताना आजारी पडायला इथे फुरसत कुणाला आहे?

तास संपवला. स्टाफरूममध्ये जाऊन पायाला फडकं बांधलं. फडक्याला वास येत होता. मग मात्र मी नांदेडला फोन लावला.

डॉक्टर

नांदेडला आमचं घर आहे. आमचे हे, विलासराव, रेल्वेच्या ऑफिसात आहेत. माझी माय आमच्याकडेच असते. मी आठवडाभर लातूरला आणि सुट्टीला नांदेडला, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं.

हाडांच्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "हा रॉड कधीचा?"

"भूकंपाचा."

आमच्या भागात एवढं सांगितलं की पुरतं. डॉक्टरांनीही पुढचं काही विचारलं नाही. रॉड आपला म्हणायचा. आमच्याकडे पायात काहीही घातलं तरी तो रॉडच. खरी ती स्क्रूंनी आवळलेली प्लेट होती.

"हाड जुळल्यावर काढायची होती ही. कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले आणि विलासरावांकडे बघायचं टाळलं.

पू तपासायला गेला, आणखी फोटो निघाले, आणि दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी समोर बसवून सगळं सांगितलं. हाडात पू झालाय. जंतूंनी प्लेटवर वस्ती केली आहे. प्लेट काढायची, कुजलेलं हाड खरवडून टाकायचं, आणि ते भरून येईपर्यंत पाय बाहेरून रिंगांनी धरून ठेवायचा.

"आणि नाही भरलं तर?"

"बाई, मी पाय वाचवायला बसलोय. पण खोटं नाही बोलणार. उशीर केलात तर गुडघ्याखाली कापावा लागेल."

जंतूचं नाव त्यांनी सांगितलं आणि मला फस्सकन हसू आलं. स्टॅफिलोकॉकस! द्राक्षाच्या घडासारखा दिसणारा, सोनेरी. मी किती बॅचना त्याचं चित्र फळ्यावर काढून दाखवलंय. पिवळा खडू मुद्दाम त्याच्यासाठी राखून ठेवते मी. आणि हा बाबा तिथे माझ्याच नडगीत बसून ऐकत होता.

"हसून काय राहिलीस?" विलासराव घाबरून म्हणाले.

रिक्षात बसल्यावर मी रडले. चांगली मोठ्यानं रडले. रिक्षावाल्यानं आरसा दुसरीकडे वळवला, हे त्याचे उपकार. मला पाय पाहिजे होता, बस्स. उभं राहून शिकवणारी बाई मी. खुर्चीत बसून शिकवलेलं मला कधी जमलेलं नाही.

माय

आता ती प्लेट का काढली नव्हती, ते सांगते.

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. घरं दगडमातीची, भिंती हातभर रुंद, वर मातीचं माळवद. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे सगळं खाली आलं. मी सातवीत होते. माझे वडील गेले. माझ्या पायावर भिंतीचा दगड होता आणि मायनं हातांनी माती उकरून मला बाहेर काढलं. तिची नखं नंतर कितीतरी दिवस काळी होती. मला तेवढंच आठवतं, आणि बाकीचं मला आठवायचंही नाही.

आमच्या गल्लीत एकच गोष्ट उभी राहिली होती, पिठाच्या गिरणीचा शेड. लोखंडी अँगल आणि त्यावर पत्रे. दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत माय मला मांडीवर घेऊन त्या शेडखाली बसून होती. तिथे तिच्या डोक्यात जे बसलं ते कायमचं. लोखंड पडत नाही.

तेव्हापासून आमच्या घरात लोखंडाशिवाय पान हलत नाही. नांदेडचं घर बांधताना ती गवंड्याच्या मागे उभी राहायची, सळई कुठली वापरतोस, किती जाड आहे, दोन ठिकाणी बांधलीस का. माझं लग्न ठरवताना मुलाच्या घराला कॉलम आहेत का, हे तिनं आधी विचारलं. मुलगा काय करतो हे नंतर. विलासराव अजून हे सगळ्या पाहुण्यांना सांगतात.

माझा पाय जुळल्यावर रॉड काढायला म्हणून आम्ही दोघी गेलो होतो. डॉक्टरांनी फोटो दाखवला. काळ्या फोटोत पांढरंशुभ्र लोखंड आणि शेजारी हाड नुसतं धुरकट. मायनं विचारलं, "हे काढल्यावर पाय कशावर उभा ऱ्हाईल?" डॉक्टर घाईत होते, बाहेर रांग लागलेली. ते काहीतरी पुटपुटले. मायनं माझा हात धरला आणि आम्ही एसटीनं परत आलो. नंतर तो विषयच निघाला नाही.

आता इतक्या वर्षांनी मी तिच्यासमोर बसून सांगितलं, "माय, रॉड काढायचाय."

"न्हाई काढायचा."

"अगं, पाय जाईल!"

"लोखंड काढल्यावर जाईल. घरात लोखंड असतं तर तुझा बाप आज जित्ता असता. तुझ्या पायातलं मी काढू देनार न्हाई." आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली.

विलासराव भडकले. सहसा चढत नाही त्यांचा आवाज. "आईंचं मी समजू शकतो. पण तू? तू जीवशास्त्र शिकवतेस ना? उद्या ॲडमिट हो."

मी म्हणाले, "थोडं थांबू या."

ऐकलंत? मी म्हणाले. एम.एस्सी. झालेली, पोरांना हाडाच्या पेशी तोंडपाठ करायला लावणारी मी. डोक्याला सगळं कळत होतं. पण डोळे मिटले की मला तो पत्र्याचा शेड दिसायचा, आणि लोखंड काढलेल्या नडगीचा विचार आला की आमची भिंत डोळ्यांसमोर यायची, आतून माती सुटत चाललेली. मायची भीती मला वारशानं आली होती, आणि मी ती कुणाला बोलूनही दाखवली नव्हती.

"मग दोघी मायलेकी मिळून घालवा पाय," असं म्हणून ते उठले. ताट तसंच. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. डबा भरला का, गॅस बंद केला का. मला त्यांचा राग येत होता आणि ते बरोबर बोलताहेत याचा जास्त येत होता.

अफरीन

मग मी रॉड न काढता बरं करणारं औषध शोधायला लागले. कुठेतरी असेलच ना! आणि मला अफरीन आठवली. माझी जुनी विद्यार्थिनी. नांदेडच्या जुन्या वस्तीत तिच्या वडिलांचं शेरवान्या शिवायचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. पोरगी शिकत शिकत संशोधनापर्यंत गेली, आणि तिचं काम नेमकं ह्याच जंतूवर आहे, असं तिनंच मागे फोनवर सांगितलं होतं. चुलतभावाच्या लग्नाला ती नांदेडला आली होती. मी बोलावल्यावर मिठाईचा डबा घेऊन आली, हातावरची मेंदी अजून गडद होती.

"मॅडम, आधी पाय दाखवा." पाहिला, आणि तिचं हसू गेलं.

"तू ते पेप्टाइडचं काय करतेस, ते मला नीट सांग," मी म्हणाले.

"तुमच्या भाषेत सांगू? गुणगुण! मी पण करायची, मॅडम."

"माहीत आहे मला. खिडकीशेजारचा बाक."

"या अल्ला, माहीत होतं?" ती खुदकन हसली. मग मांडी घालून बसली आणि शिकवायला लागली. मी शिकवते तसेच हातवारे करून.

प्रत्येक जंतू एक बारीक तुकडा बाहेर सोडत असतो. पेप्टाइड. मोजक्या अमिनो आम्लांची साखळी, टोकाशी वळवून गाठ मारलेली. जंतू थोडेच असले तर तो तुकडा वाहून जातो, कुणाला कळत नाही. दाटी झाली की तो साचतो. जंतूच्या अंगावर त्याच तुकड्याच्या मापाचं कुलूप असतं. तुकडा त्यात बसला की आत निरोप जातो, आपण पुरेसे झालो, आता सुरू करा. आणि मग सगळे मिळून एकदम विष सोडतात.

"एकटे असताना सोडत नाहीत?"

"कामून सोडतील, मॅडम? पकडले जातील ना."

पुढचं ऐकून तर मी पायाचं दुखणं विसरले. ह्या एकाच जंतूच्या वेगवेगळ्या जमाती आहेत. एका जमातीचं पेप्टाइड दुसऱ्या जमातीच्या कुलपात जाऊन बसतं, पण कुलूप उघडत नाही. तिथेच अडकतं. मग त्या जमातीला आपल्याच माणसांचं ऐकू येत नाही. अफरीनच्या प्रयोगशाळेत अशीच कुलपात अडकणारी खोटी पेप्टाइडं बनवतात.

"म्हणजे माझा माईक!"

"बिलकुल तुमचा माईक. अँटिबायोटिक काय करतं? मारतं. त्यातून जे हट्टी वाचतात त्यांचीच पुढे पोरंबाळं. आम्ही मारतच नाही, नुसतं बहिरं करतो. जिवावर बेतत नाही म्हटल्यावर जंतूंना बदलायची घाईही कमी राहील, अशी आशा आहे. आशा हां, मॅडम. अजून सगळं उंदरांवर चाललंय."

"उंदीर तर उंदीर. मला दे."

मी थट्टेनं म्हणाले असं तिला वाटलं असेल. पण मी थट्टा करत नव्हते. मला रॉड ठेवायचा होता आणि पायही ठेवायचा होता. जंतूंना बहिरं करून ठेवलं, विष सोडू दिलं नाही, तर राहतील बिचारे पडून. माझी काय हरकत?

अफरीननं मिठाईचा डबा बाजूला सारला. "मॅडम, खरं सांगू का? मिळालं असतं तरी तुम्हाला दिलं नसतं मी. तुमच्या पायात ते उलटं पडलं असतं."

"उलटं कसं?"

"तोच निरोप त्यांना उठून पांगायलाही सांगतो. निरोप तोडला की विष कमी होतं, पण ते जागा सोडत नाहीत. अंगावर चिकट थर ओढून लोखंडाला आणखी घट्ट धरून बसतात. हाडाला रक्त जातं, लोखंडाला जात नाही. तिथे औषध धड पोचत नाही. इतकी वर्षं ते गप्पच तर होते तुमच्या पायात. गप्प बसले म्हणून टिकले. नव्या जखमेत, वस्ती व्हायच्या आधी, आमचं औषध कधीतरी कामाला येईल. तुमचा इलाज डॉक्टरांच्या हातात आहे. लोखंड आहे तोवर त्यांचं घर आहे, मॅडम."

 एवढं मोठं दार उघडलंय असं वाटलं होतं आणि ते तोंडावर मिटलं. रडायला येत होतं, पण विद्यार्थिनीसमोर कसं रडणार?

स्वयंपाकघराच्या दारात माय अंबाडीची भाजी निवडत बसली होती. ती ऐकतेय याकडे आमचं लक्ष नव्हतं. तिथून तिचा आवाज आला, "म्हंजी पोरी, त्यांनी बी लोखंडाचंच घर बांधलं म्हन की."

"हाव, आजी. तसंच."

"आन् म्हनून पडंना झालंय."

"हाव."

मायनं हातातली काडी ताटात ठेवली.  अफरीनला जाताना तिनं बळजबरीनं अंबाडीची जुडी दिली, मिठाईच्या बदल्यात. सकाळी मी उठले तर ती लुगडं बदलून तयार होऊन बसलेली. विलासरावांना म्हणाली, "चला, दवाखान्यात. मला त्या डाक्टरला येक इचारायचंय."

रिंगा

तिनं विचारलं ते जुनंच. "लोखंड काढल्यावर पाय कशावर उभा ऱ्हाईल?"

हे डॉक्टर घाईत नव्हते. उठले, कपाटातून रिंगांचा सांगाडा काढला आणि सरळ तिच्या हातात दिला. मायनं तो तोलून पाहिला. बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिला. दोन सळया ओढून पाहिल्या, गवंड्यासमोर ओढायची तशा.

"हे बाहेरून लावू," डॉक्टर म्हणाले. "आतलं हाड भरलं की हेही काढू."

"हे बी काढनार?"

"हो."

"मंग?"

"मग तिचं स्वतःचं हाड, आजी. भिंत नाही ती. हाड जितं असतं, आपलं आपण भरतं."

मायनं सांगाडा पुन्हा एकदा तोलून पाहिला. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. शेवटी सांगाडा टेबलावर ठेवून म्हणाली, "बरं. आदी हे तर लावा."

बाहेर आल्यावर विलासरावांनी माझी पिशवी घेतली. एवढंच. पण घेतली.

वॉर्ड

भूल उतरल्यावर मी पहिलं काय केलं असेल? चादरीखाली हात घातला. गुडघा होता. खाली थंडगार रिंग लागली. रिंगेच्या खाली माझाच पाय, सुजलेला, बँडेजातला. "आहे गं, आहे," विलासराव म्हणाले. त्यांच्या गालांवर दाढी वाढली होती आणि डोळे लाल होते. मी परत झोपले.

मग सुरू झालं वॉर्डातलं आयुष्य. शिरेतून अँटिबायोटिक, तेच आपलं जुनं मारणारं. सकाळी ड्रेसिंगच्या गाडीची चाकं वाजली की मी चादर घट्ट धरायची. रिंगांच्या तारा जिथे कातडीतून आत जातात ती प्रत्येक जागा पुसायची. मी दात आवळून छताकडे बघत राहायची आणि मनात पाठ घ्यायची, पेशीभित्तिका, केंद्रक, रायबोसोम.

शेजारच्या खाटेवर देगलूरच्या सावित्राबाई होत्या. साखरेच्या आजारानं त्यांचं पायाचं बोट गेलेलं. नर्सनं जरा जोरात पट्टी ओढली की त्या मराठीतून सुरू व्हायच्या आणि तेलुगूत जायच्या, "मेल्लगा, अम्मा, मेल्लगा!" म्हणजे हळू. वॉर्डातल्या आम्ही सगळ्याच मग मेल्लगा म्हणायला लागलो. नर्सही हसायची आणि खरंच हात हलका करायची. दुपारी त्यांचा मुलगा गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवून यायचा आणि आईला तिथल्या डाळीचं वर्णन ऐकवायचा. सावित्राबाई चिडायच्या, "मला इथं बिनमिठाचं, आन् तू चव सांगून ऱ्हायलास?"

लातूरहून फोन आला, माझ्या जागी नवे सर घेतलेत. मॅडम, तुम्ही आराम करा. फोन ठेवल्यावर मी उशी भिंतीवर मारली. इतकी वर्षं घशाची शीर ताणली आणि आराम करा! संध्याकाळी पोरींचा फोन आला. काही बोलेनात, नुसती पलीकडून गुणगुण. सगळ्यांची मिळून. मग एकजण म्हणाली, "मॅडम, नवे सर माईक धरत न्हाईत. लवकर या." मी त्यांना रागावले, अभ्यास करा म्हणाले, आणि त्या दिवशी नीट जेवले.

मग एका संध्याकाळी ताप चढला. अंगात थंडी भरली, दात वाजायला लागले. डॉक्टरांनी पाय पाहिला. रक्त तपासायला पाठवलं. त्याचा अर्थ मला कळत होता. वस्ती पूर्ण उठली नसेल तर पुढची पायरी गुडघ्याखालची.

विलासराव स्टुलावर बसले होते.  मग म्हणाले, "पाय नसला तरी आपण करू काहीतरी. पण असू दे राव. असलेला बरा."

आमच्या लग्नात ह्याच्यापेक्षा गोड ते कधी बोलले नसतील. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "मी देणार नाही पाय. सांगून ठेवते." कुणाला सांगून ठेवत होते कुणास ठाऊक. जंतूंना तर नक्कीच ऐकू गेलं नसेल.

तपासणी आली. रक्तात काही वाढलं नव्हतं. एका तारेच्या तोंडाशी वरवर पिकलं होतं, तेवढ्याचाच ताप. तार बदलली, ताप उतरला. मायनं त्या दिवशी माझे केस धुतले. खाटेच्या कडेला डोकं, खाली बादली, आणि तिची बोटं केसांत. मला इतकं बरं वाटलं की झोपच लागली.

आणि हो, ती प्लेट. डॉक्टरांनी धुऊन, उकळून, बाटलीत घालून दिली होती. घरी आल्यावर माय ती रोज काढून बघायची, उन्हात धरायची. एके दिवशी बाटली रिकामी दिसली. विचारलं तर म्हणाली, "भंगारवाल्याला दिली. लसून दिला त्यानं. चांगला हाय, गावरान."

जाता जाता

तुमच्या शरीरात लोखंड असेल आणि डॉक्टरांनी ते काढायला बोलावलं असेल, तर जा. घरात कुणी नको म्हणत असेल तर का नको म्हणतंय ते आधी ऐकून घ्या, आणि त्या माणसाला डॉक्टरांसमोर नेऊन बसवा. डॉक्टर घाईत असले तरी खुर्ची सोडू नका. गोळ्यांचं पाकीट अर्धं ठेवू नका, पर्समध्ये तर मुळीच नको. सगळं लोखंड वाईट असतं असंही म्हणत नाही मी. त्याच लोखंडानं लहानपणी माझा पाय जुळवला होता. त्याचं काम झालं होतं, एवढंच.

अफरीन अजून तिच्या खोट्या पेप्टाइडांच्या मागे आहे. मधूनमधून फोन करते, एखादा प्रयोग फसला की जास्त. मी म्हणते, चालू ठेव गं. माझ्या पायाला उपयोग झाला नाही, पण कुणाच्या तरी होईल. आता तो पाठ मी वर्गात गुणगुण करून दाखवून शिकवते, आणि पोरं परीक्षेत बरोबर लिहितात.

कारण मी आता पुन्हा उभी राहून शिकवते. ते कसं, तेवढं सांगायचं राहिलं.

रिंगा काढल्या त्या दिवशी पाय इतका हलका लागला की मला भीतीच वाटली. आत काही नाही, बाहेर काही नाही. डॉक्टरांनी फोटो दाखवला. जिथे खड्डा होता तिथे हाड भरलं होतं, वेडंवाकडं, गाठाळ, पण पांढरं. "चाला आता," म्हणाले.

व्यायामाच्या खोलीत चालायला शिकवायचे दोन लांब पाइप असतात, दोन्ही बाजूंना धरायला. लोखंडाचे. ते धरून मी उभी राहिले. पुढच्या टोकाला माय उभी होती, विलासराव दाराशी.

"हात सोडा आणि पाऊल टाका," व्यायाम घेणारी ताई म्हणाली.

हात सुटेनात. मी सांगत होते, सोडा रे, आणि बोटं ऐकतच नव्हती. तळवे घामानं ओले झाले. नडगीतून माती सुटतेय असं स्पष्ट जाणवत होतं. खोटं होतं, पण जाणवत होतं. ताई धीर देत होती, विलासराव काहीतरी म्हणत होते, मला कुणाचंच ऐकू येत नव्हतं.

मी मायकडे पाहिलं. तिला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.  तिनंही एका हातानं पाइपचं टोक घट्ट धरलं होतं. मग तिनं तो हात काढला, दोन्ही हात माझ्यासमोर पसरले आणि म्हणाली, "सोड की गं ते लोखंड."

मी सोडलं. उजवा पाय पुढे टाकला, त्याच्यावर भार दिला, आणि पाय उभा राहिला.